विरजणाची राखण

बंगळुरूत राहायला आल्यावर कन्नडमधला जो पहिला घरगुती शब्द मी शिकले, तो ‘हेप्पु’. हेप्पु म्हणजे विरजण. शेजारच्या अक्कांनी स्टीलच्या वाटीत दोन चमचे दही दिलं आणि बजावलं : दूध करंगळीला सोसेल इतपतच कोमट हवं, आणि विरजण लावल्यावर सकाळपर्यंत पातेल्याला हात लावायचा नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडतो आणि दही सकाळी नऊलाही अदमुरंच असतं. मग पातेलं तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायचं. घरात विरजण नसेल तर हिरव्या मिरचीची देठं कोमट दुधात टाकायची. देठांवर बसलेले जिवाणू तेच काम करतात. पहिलं दही पातळ आणि जरा बेचव होतं, पण त्यातलंच विरजण घेऊन दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लावलं की कवडी दही मिळतं.

एकदा मात्र ऐन मे महिन्यात, पाच तासांत दही लागावं अशा दिवसांत, सकाळी झाकण काढलं तर पातेल्यात दूध जसंच्या तसं होतं. आंबलं नव्हतं, नासलंही नव्हतं. अक्कांनी वास घेतला, चमच्याने ढवळून पाहिलं आणि म्हणाल्या, “गाईला इंजेक्शन दिलेलं दिसतंय.”

विरजण न लागण्याची कारणं बरीच असतात. दूध फार गरम असतं, विरजण जुनं असतं, भांडं नीट विसळलेलं नसतं. पण अक्कांचं निदान हवेतलं नव्हतं. गाईला कासदाह होतो, ज्याला आपल्याकडचे शेतकरी ‘दगडी’ म्हणतात, कारण कास दगडासारखी घट्ट होते. त्यावर पेनिसिलिनसारखं प्रतिजैविक देतात आणि पुढचे काही दिवस त्या गाईचं दूध विकायचं नसतं. हा नियम मोडला की औषधाचा अंश दुधात उतरतो. दूध उकळून तो सगळा जात नाही. मग विरजणातले जिवाणू दुधात पडतात आणि वाढायच्या आतच गारद होतात. पूर्वी खेड्यातल्या बाईला दुधातला हा दोष प्रयोगशाळेशिवाय कळत असे, तो असा.

आता एक जुनी गोष्ट. १९३०च्या सुमारास न्यूझीलंडमधल्या चीजच्या कारखान्यांत असंच काहीसं घडत होतं. चीजसाठी दुधाला आधी विरजण लावतात, दूध आंबट होत जातं आणि मग त्याची घट्ट कवडी धरते. काही दूध मात्र आंबट होईना, आणि झालंच तर फार सावकाश. त्या काळी गाईंना पेनिसिलिन देण्याचा प्रश्नच नव्हता. ते अजून औषध म्हणून वापरातच आलेलं नव्हतं. मग विरजणाला मारत कोण होतं? एच. आर. व्हाइटहेड या संशोधकाने शोध घेतला. दोषी ठरला दुधातच राहणारा एक जिवाणू, तोही परका नव्हे, विरजणातल्याच जातकुळीचा. रात्रभर दुधात वाढताना तो एक पदार्थ बाहेर सोडत होता आणि त्या पदार्थाने दुसऱ्या दिवशी टाकलेल्या विरजणाची वाढ रोखली जात होती. १९३३ मध्ये व्हाइटहेडने हे प्रसिद्ध केलं आणि तो पदार्थ प्रथिनासारखा असल्याचं दाखवलं.

त्याआधी पाच वर्षं, १९२८ मध्ये, अमेरिकेत एल. ए. रॉजर्सने हेच अंधुकपणे पाहिलं होतं. दुधातला एक जिवाणू दह्यातल्या दुसऱ्या जिवाणूला वाढू देत नाही, एवढी नोंद त्याने केली. त्याच वर्षी लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगच्या काचेच्या बशीत बुरशीभोवतीचे जिवाणू विरघळलेले दिसले. बुरशीची गोष्ट जगाला पाठ आहे. दुधाची गोष्ट मात्र दुग्धशास्त्राच्या नियतकालिकांतच राहिली, याची मला नेहमी हळहळ वाटते. दोन्हींचं बीज एकच होतं : एका सूक्ष्मजीवाने आपल्या हद्दीची राखण करण्यासाठी बनवलेलं रसायन.

त्या वर्षांत आमच्या बंगळुरूतही दुधावर काम चाललं होतं. होसूर रस्त्यावर डेअरी सर्कल नावाचा चौक आहे. त्याच्या जवळच आडुगोडीत जुन्या झाडांच्या आवारात राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेचं दक्षिण विभागीय केंद्र उभं आहे. मूळ संस्था इथलीच. १९२३ मध्ये ती पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसायाची इंपीरियल संस्था म्हणून सुरू झाली. १९२७ साली प्रकृती सुधारण्यासाठी या बाजूला आलेले गांधीजी इथे गोपालन शिकायला येत होते आणि त्यांनी स्वतःची ओळख साबरमतीचा शेतकरी अशी नोंदवली होती. पुढे अमेरिकेला जाण्याआधी वर्गीस कुरियनही इथेच शिकले. १९५५ मध्ये मुख्यालय आजच्या हरियाणातल्या कर्नालला हललं आणि बंगळुरूला विभागीय केंद्र राहिलं.

आणि व्हाइटहेडचा निबंध ज्या १९३३ साली आला, त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात पहिली आलेली एक बावीस वर्षांची मुलगी याच शहरातल्या टाटा इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या दारात उभी होती. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. दुर्गा भागवत या त्यांच्या सख्ख्या भगिनी. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ती हटली नाही. शेवटी एक वर्ष परीक्षेवर ठेवू, मार्गदर्शक सांगतील तितका उशिरापर्यंत काम करावं लागेल, आणि तिच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये, अशा अटींवर तिला आत घेतलं. या वागणुकीची बोच त्यांनी उतारवयातही बोलून दाखवली होती. श्रीनिवासय्या या मार्गदर्शकांकडे त्यांनी इथे काम केलं ते दुधातल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर. केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन परतल्यावर, पुढे मुंबईत, त्या आरे दूध योजनेच्या सल्लागार होत्या. मुंबईतल्या लाखो घरांना न नासलेलं दूध मिळावं हा प्रश्न, आणि व्हाइटहेडला पडलेला दूध आंबत का नाही हा प्रश्न, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. दुधाचं पुढे काय होणार हे त्यात कोण आधी ठाण मांडतं यावर ठरतं.

हे ठाण मांडणं नीट पाहण्यासारखं आहे.

गाईच्या कासेतून बाहेर पडलेलं दूध म्हणजे जिवाणूंसाठी मोकळं रान. त्यात साखर आहे, प्रथिनं आहेत, पाणी आहे आणि ऊबही. सडांवरून, चाऱ्यातून, हातांवरून, चरवीतून नाना प्रकारचे जिवाणू त्यात येतात. काही दूध आंबट करणारे, काही सडवणारे, एखादा रोग देणारा. आपण दूध उकळतो तेव्हा यातले बहुतेक मरतात आणि रान पुन्हा मोकळं होतं. मग त्यात आपण चमचाभर दही घालतो. त्या चमच्यात कोट्यवधी जिवाणू असतात आणि ते एकदम उतरतात. बाकीचे एकेकट्याने, हवेतून, भांड्याच्या कडेवरून येणार. शर्यत सुरू होण्याआधीच तिचा निकाल पुष्कळसा लागलेला असतो. विरजण लावणं ही युक्ती इतकी साधी आहे की तिचं मोल पटकन ध्यानात येत नाही. मराठीत उत्साहावर ‘विरजण पडतं’ तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं. दुधात मात्र विरजण पडतं तेव्हाच ते बिघडण्यापासून वाचतं.

या जिवाणूंचं पहिलं शस्त्र आम्ल. दुधातली लॅक्टोज ही साखर ते फोडतात आणि लॅक्टिक आम्ल बनवतात. ताज्या दुधाचा सामू साधारण ६.६ असतो, दही लागेपर्यंत तो साडेचारच्या आसपास उतरतो. केसिन या प्रथिनाला हा सामू सोसत नाही, ते एकत्र येतं आणि कवडी धरते. आपल्याला दिसते ती कवडी. शत्रूला लागतं ते आम्ल. त्याची करामत अशी : आम्लाचे जे रेणू फुटलेले नसतात ते जिवाणूच्या आवरणातून अलगद आत शिरतात. आतलं वातावरण बाहेरच्यापेक्षा कमी आंबट असल्यामुळे तिथे गेल्यावर ते फुटतात आणि आंबटपणा आतच मोकळा होतो. तो बाहेर उपसता उपसता जिवाणूची शक्ती संपते. दही बनवणाऱ्यांना हे बरंच सोसतं, म्हणून मैदान त्यांच्या ताब्यात राहतं. तेही अखेर आपल्याच आम्लाने मंदावतात. शिळं दही किती आंबट होईल याला सीमा असते, ती यामुळे.

दुसरं शस्त्र हायड्रोजन पेरॉक्साइड. जखम धुवायला वापरतात तेच, इथे अगदी सूक्ष्म प्रमाणात. इथे एक सुंदर जुळणी दिसते. कच्च्या दुधात लॅक्टोपेरॉक्सिडेज नावाचं विकर असतं आणि थायोसायनेट हा क्षार असतो. दोन्ही गाईकडूनच आलेले. जिवाणूंनी सोडलेलं पेरॉक्साइड मिळालं की हे विकर त्या क्षारापासून जंतूंना जाचणारं संयुग बनवतं. म्हणजे गाईने अर्धी तजवीज केलेली असते, उरलेली जिवाणू करतात.

तिसरं शस्त्र सगळ्यांत नेमकं. व्हाइटहेडला सापडलेला पदार्थ याच वर्गातला. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये मॅटिक आणि हर्श यांनी त्यावर बरंच काम केलं आणि त्याला निसिन हे नाव मिळालं. बनवणारा जिवाणू लॅक्टोकॉकस लॅक्टिस, दही-ताकातला नेहमीचा रहिवासी. जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाने १८७८ मध्ये आंबलेलं दूध पुन्हा पुन्हा विरळ करत याच जिवाणूला इतरांपासून वेगळं काढलं होतं. एकाच जातीचा जिवाणू शुद्ध स्वरूपात वाढवण्याचा तो पहिला यशस्वी प्रयोग मानतात. जखमा जंतुविरहित ठेवण्यासाठी कार्बोलिक आम्ल वापरणाऱ्या माणसाच्या हाती आला तो नेमका जंतूंशी झुंजणारा जंतू.

निसिन म्हणजे ३४ अमिनो आम्लांची छोटी साखळी. १९७१ मध्ये तिची रचना उलगडली तेव्हा दिसलं की साखळीत गंधकाच्या दुव्यांनी जोडलेली पाच कडी आहेत. ही कडी शोभेची नाहीत. शत्रू जिवाणू आपली भिंत बांधत असतो तेव्हा भिंतीची वीट वाहून नेणारा लिपिड दोन नावाचा एक रेणू असतो. निसिनची पहिली दोन कडी त्याला चिमट्यासारखी पकडतात. भिंतीचं काम थांबतं. इतकंच नाही, पकडलेल्या रेणूंच्या आधाराने निसिनचे अनेक रेणू जमून आवरणाला भोक पाडतात आणि आतला ऐवज गळून जातो. एकच रेणू वीटही अडवतो आणि भोकही पाडतो, म्हणून निसिनची अगदी बारीक मात्रा पुरते.

ते बनवणारा जिवाणू स्वतः कसा वाचतो? त्याच्याकडे निसिनला अडवणारी आणि बाहेर हाकलणारी वेगळी प्रथिनं असतात. शस्त्र आणि ढाल यांच्या सूचना त्याच्या जनुकांत शेजारी शेजारी लिहिलेल्या आहेत. शिवाय निसिन हा निरोपही असतो. आजूबाजूच्या निसिनची चाहूल लागली की तो जिवाणू आणखी निसिन बनवू लागतो. थोडे जण असताना शस्त्राचा खर्च परवडत नाही, गर्दी जमली की ते काम जोरात होतं. मला हे वाचलं तेव्हा कणसं भरल्यावर माळ्यावर चढून गोफण फिरवणारा राखणदार आठवला. रान कोवळं असताना त्याची गरज नसते.

अशा जिवाणूनिर्मित प्रथिनशस्त्रांना बॅक्टेरिओसिन म्हणतात. निसिनखेरीज पेडिओसिन हे असंच दुसरं नावाजलेलं. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, म्हणजे बंगळुरूपासून तीनेक तासांच्या अंतरावर, आंबवलेल्या काकडीच्या पाण्यातून पेडिओसिनसारखी प्रथिनं बनवणारे जिवाणू वेगळे काढले गेले आहेत. दही असो, काकडी असो की इडलीचं पीठ, जिथे आंबणं आहे तिथे ही मंडळी आहेत.

निसिनचा पहिला मोठा उपयोग चीजमध्ये झाला. चीजमध्ये क्लॉस्ट्रिडियम जातीचे बीजाणू तग धरून राहतात, उष्णतेने मरत नाहीत आणि नंतर वायू सोडून चीज फुगवतात, फोडतात. १९५१ मध्ये निसिनने हे थांबवता येतं असं दाखवलं गेलं, थोड्याच वर्षांत ते बाजारात आलं आणि १९६९ मध्ये अन्न आणि कृषी संघटना व जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त समितीने अन्नातल्या वापरासाठी ते सुरक्षित ठरवलं. चीजच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत परिरक्षक म्हणून २३४ हा आकडा दिसला तर तो निसिनचा. एखादा आकडा पाहून दचकणाऱ्या माणसाला मी हे आवर्जून सांगते : हा आकडा ताकातल्या रहिवाशाचा आहे.

इथे हात आखडता घ्यायला हवा, कारण ‘दह्यातले जिवाणू जंतू मारतात’ या अर्ध्या वाक्यावर बाजारात फार मोठा डोलारा उभा राहतो.

पहिली गोष्ट, निसिन सगळ्या जंतूंना मारत नाही. ई. कोलाय किंवा टायफॉइडच्या जंतूला बाहेरून एक जादा आवरण असतं. निसिन त्याच्या आत शिरूच शकत नाही. बुरशी आणि किण्व यांनाही त्याची बाधा नाही. आपल्या श्रीखंडाचंच पाहा. चक्का आंबट, वर साखर भरपूर, तरी बरेच दिवस ठेवलेल्या श्रीखंडाला किण्वाचा आंबूस वास येतो किंवा वर बुरशीचा ठिपका उमटतो. आम्ल आणि साखर दोन्ही सोसणारे हे प्रवासी वेगळ्याच घराण्याचे असतात. दुसरी गोष्ट, निसिन हे प्रथिन आहे. आपल्या आतड्यातली पाचक विकरं त्याचे तुकडे करतात. अन्नात ते निर्धोक ठरतं ते बऱ्याच अंशी यामुळे, आणि गोळी म्हणून गिळून आतड्यातला संसर्ग बरा होईल अशी आशा धरता येत नाही तीही यामुळेच. दुधातली प्रथिनं हा कमलाबाईंच्या कामाचा विषय. त्यांना हे उत्तर लगेच पटलं असतं. तिसरी गोष्ट, पातेल्यातलं शस्त्र आणि पोटातलं शस्त्र एक नव्हे. बशीत शत्रूला मारणारा जिवाणू आतड्यात, कोट्यवधी मूळ रहिवाशांच्या गर्दीत, तेच करील याची खात्री देता येत नाही. ती माणसांवर पाहावी लागते.

प्रोबायोटिक या शब्दाचा अर्थही इथेच ठरतो. पुरेशा मात्रेत जिवंत पोटात गेले असता आरोग्याला लाभ देणारे सूक्ष्मजीव, अशी व्याख्या २००१ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये अन्नातल्या प्रोबायोटिकची पारख कशी करावी याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा गाभा असा, की लाभ एका विशिष्ट वाणाचा असतो. ‘लॅक्टोबॅसिलस’ एवढंच लिहिणं म्हणजे ‘भात’ लिहिण्यासारखं. तो आंबेमोहोर की कोलम हे कळत नाही. घरचं दही उत्तम अन्न आहे, पचायला हलकं आहे, पण त्यात कोणते वाण आहेत हे कुणी मोजलेलं नसतं, म्हणून त्याला शास्त्राच्या अर्थाने प्रोबायोटिक म्हणता येत नाही. त्याने दह्याची किंमत कमी होत नाही.

नीट केलेलं काम कसं दिसतं याचा एक दाखला ओडिशातला आहे. तिथल्या खेड्यांतल्या ४,५५६ नवजात बाळांवरचा अभ्यास २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. निम्म्या बाळांना आयुष्याच्या पहिल्या काही दिवसांत सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक ठराविक वाण, त्याला पोसणाऱ्या साखरेसह, दिला गेला. ज्या बाळांना तो मिळाला नाही त्यांच्यात जंतुदोष किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्के होतं, मिळालेल्यांत ५.४ टक्के. वाण ठराविक, मात्रा ठराविक, तुलना प्रामाणिक. हा वाण दह्यातून घेतलेला नव्हता, निरोगी बाळाकडून मिळाला होता. तो रक्षण करतो ते आम्लाने, जागा अडवून की बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागवून, हा पुढचा प्रश्न.

आमच्या त्या न लागलेल्या दह्याकडे परत येते. कासदाहासाठी जंतूंवर औषधांचा मारा करण्याआधी तो होऊच नये म्हणून धार काढण्यापूर्वी गाईचे सड निसिन लावलेल्या पुसण्याने स्वच्छ करण्याची पद्धतही निघाली. कासदाह देणाऱ्या जंतूंपैकी अनेक निसिनला बळी पडणारे आहेत. आणि दुधात प्रतिजैविक उतरलंय का हे तपासण्याची एक रूढ चाचणी अक्कांच्या पातेल्याचीच धाकटी आवृत्ती आहे. काचेच्या छोट्या नळीत जांभळ्या रंगाचं खाद्य असतं, त्यात उष्णता सोसणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू. वर दुधाचे थेंब टाकायचे आणि नळी सुमारे ६४ अंशांवर तीनेक तास ठेवायची. दुधात औषध नसेल तर बीजाणू उगवतात, आम्ल बनवतात आणि जांभळा रंग पिवळा होतो. औषध असेल तर नळी जांभळीच राहते.

अक्कांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, पातेलं सिंकमध्ये रिकामं केलं आणि त्या रात्री दुसऱ्या गवळ्याच्या दुधासाठी नव्याने दोन चमचे दही वाटीत घालून दिलं. सकाळी सहाला झाकण काढलं. वर पातळ निवळी, खाली चमचा उभा राहील असं दही.